चमत्कारिक बातमीखाली तारीख आणि ठिकाण छापा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, तळाशी, ‘ऐकावे ते नवलच’ अशा धाटणीच्या मथळ्याखाली चार-पाच ओळींची एक चौकट असते. कुठल्याशा देशात कुणीतरी काहीतरी अजब केलेलं असतं. पान लावताना उरलेली जागा भरायला ती टाकली जाते आणि पुढे तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही. पण विनोदी कलाकारांच्या गप्पांचे जे कार्यक्रम आज ऐकले जातात, ज्यांत दोघं-तिघं टेबलाभोवती बसून विचित्र बातम्या, सिनेमे-मालिका आणि रोजचं जगणं यांवर तासभर बोलतात, त्यांचा कच्चा माल नेमका या चौकटीतून येतो. अशा कार्यक्रमांसाठी बातम्या शोधणं, पडताळणं, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही कामं करणाऱ्यांच्या वतीनं हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. घटना कुठे घडली, कधी घडली आणि कुणाच्या सांगण्यावरून छापली, एवढं त्या चौकटीत लिहा. मागणी किरकोळ वाटेल, म्हणून या गप्पा कशा उभ्या राहतात आणि कुठे कोसळतात, ते जरा तपशिलात सांगतो.

तारीख गळली की काय होतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑरेगनचा देवमासा. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात फ्लॉरेन्स गावाजवळच्या किनाऱ्यावर एक मेलेला देवमासा सडत पडला होता. लांबी सुमारे ४५ फूट, वजन आठ टन. त्याची विल्हेवाट लावायचं काम महामार्ग खात्याकडे आलं. खात्यानं ठरवलं, सुरुंग लावून बारीक तुकडे करू, समुद्रपक्षी ते खाऊन टाकतील. १२ नोव्हेंबर १९७० रोजी अर्धा टन डायनामाइट उडवलं. चरबीचे गोळे बघ्यांच्या दिशेनं बरसले, पाव मैलावर उभी असलेली एक मोटार एका तुकड्याखाली चेपली आणि देवमाशाचा बराचसा भाग होता तिथेच राहिला. पॉल लिनमन या टीव्ही बातमीदारानं हे सगळं जागेवरून सांगितलं, ती चित्रफीत आजही पाहायला मिळते. पुढे १९९० च्या दशकात या घटनेचं वर्णन तारखेविना संगणकांच्या जाळ्यावर फिरायला लागलं आणि ऑरेगनच्या महामार्ग खात्याला विचारणा करणारे फोन यायला लागले, जणू काही हे परवाच घडलं आहे. घटना खरी होती, तपशीलही खरे होते. फक्त तारीख गळली होती.

विनोदी कलाकाराच्या दृष्टीनं तारीख ही शोभेची गोष्ट नाही. तारखेवर निशाणा ठरतो. १९७० ची घटना म्हटली की विनोद त्या काळच्या ‘स्फोटकानं काहीही सुटतं’ या भाबड्या विश्वासावर बेततो. कालची म्हटली की तो आज त्या खुर्चीत बसलेल्या माणसांवर जातो, आणि त्यांनी तर काहीच केलेलं नसतं. ऐकणाऱ्यांपैकी एकाला जरी खरं वर्ष ठाऊक असलं, तरी पुढच्या पाऊण तासात सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी संशयित होते.

आता पडताळणीचं. तासाभराच्या भागासाठी बारा ते पंधरा बातम्या गोळा कराव्यात, त्यांतल्या पाच-सहा टेबलावर न्याव्यात, आणि अखेर तीन-चारच टिकतील असं धरून चालावं. प्रत्येक बातमीला वीस ते तीस मिनिटं द्यावी लागतात. चौकटीतली बातमी बहुधा भाषांतराचं भाषांतर असते. मूळ बातमीत तारीख असते, ‘असा दावा आहे’ हे शब्द असतात, बोलणाऱ्याचा हुद्दा असतो. प्रत्येक टप्प्यावर यातलं काहीतरी झडतं, आणि ‘असा दावा आहे’ सगळ्यात आधी झडतं. म्हणून शोध नेहमी उलट्या दिशेनं, उगमाकडे करायचा. गावाचं नाव आणि बातमीतली मुख्य वस्तू घेऊन त्या गावाच्या भाषेतल्या स्थानिक वृत्तपत्रात शोधायचं. भाषा येत नसली तर यांत्रिक भाषांतर पहिल्या अंदाजापुरतं पुरतं. स्थानिक बातमीत हमखास एक गोष्ट सापडते, जी चौकटीत कधीच नसते: त्या माणसानं असं का केलं. आमच्या मते सगळ्या शोधाचं फळ हेच. ‘काय केलं’ यावर एकदा हसू येतं. ‘का केलं’ यावर दहा मिनिटं बोलता येतं, कारण त्या कारणात प्रत्येकाला स्वतःचा थोडासा हट्ट दिसतो.

छायाचित्र असेल तर उलट शोध घ्यायचा, म्हणजे चित्रच शोधयंत्राला देऊन ते आणखी कुठे छापलंय ते पाहायचं, आणि सर्वाधिक पसरलेली प्रत सोडून सर्वात जुनी प्रत बघायची. देवमाशासारखी जुनी भुतं तिथे पकडली जातात. मग बोलणारा कोण ते पाहायचं: पोलीस, न्यायालयाचा कागद, अग्निशमन दल, की नुसती एखाद्या कंपनीची प्रसिद्धिपत्रिका? ‘एका सर्वेक्षणानुसार’ अशी सुरुवात दिसली की सर्वेक्षण कुणी करवून घेतलं आणि किती जणांना विचारलं, ही दोन उत्तरं मिळेपर्यंत ती बातमी टेबलावर आणू नये. गाद्या विकणाऱ्यानं झोपेवर केलेलं सर्वेक्षण हे जाहिरातच असतं. शास्त्रीय बातमी असेल तर मूळ शोधनिबंधाचा सारांश वाचायचा. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, हे त्यात पहिल्या काही ओळींत कळतं. अर्ध्या तासात उगम सापडला नाही तर बातमी सोडून द्यावी. दुसऱ्या बातम्या असतातच.

एक फसगत वेगळीच आहे. कुणीतरी मुद्दाम विनोद म्हणून लिहिलेली बातमी खरी समजून उचलणं. १९८८ साली सुरू झालेलं ‘द ओनियन’ हे अमेरिकी प्रकाशन बातमीच्या हुबेहूब घाटात काल्पनिक मजकूर लिहितं. २०१२ साली त्यांनी उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना ‘सर्वात आकर्षक पुरुष’ ठरवलं, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळानं ते खरं मानून ५५ छायाचित्रांची मालिका लावली. त्याच वर्षी इराणच्या फार्स वृत्तसंस्थेनंही ओनियनचा एक बनावट जनमत कौल बातमी म्हणून दिला. त्याही आधी, १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी काढण्याच्या हंगामाचं चित्रण दाखवलं गेलं. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांच्या भारदस्त आवाजातलं, त्यामुळे अनेक प्रेक्षकांनी विश्वास ठेवला. मोठमोठ्या वृत्तसंस्था फसतात तिथे तीन कलाकार आणि एक संशोधक फसणं अशक्य नाही. उगम विनोदी प्रकाशन आहे का, आणि तारीख १ एप्रिल आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक बातमीच्या कागदावर छापूनच ठेवावेत.

उलटही होतं. अशक्य वाटलं म्हणून खरी बातमी टाकून दिली जाते. चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगणारा जिवंत बेडूक ही थाप वाटते. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे १९९७ साली तो खरोखर तरंगवला गेला. पाण्याला चुंबकीय क्षेत्र अगदी किंचित दूर ढकलतं, बेडकाच्या शरीरात बहुतांश पाणीच असतं, आणि क्षेत्र सुमारे १६ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) इतकं प्रबळ असेल तर तो किंचित धक्काही बेडकाचं वजन पेलतो. आंद्रे गाइम आणि मायकेल बेरी यांना या कामासाठी २००० सालचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा गमतीदार पुरस्कार, मिळाला, आणि २०१० साली गाइम यांना ग्राफीनवरच्या (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरावरच्या) कामासाठी खरंखुरं नोबेलही मिळालं. ही सगळी साखळी हाताशी असेल तर गप्पांना किती खाद्य मिळतं ते बघा. आणि बेडकाला काही झालं नाही, हे सांगायला विसरू नये. श्रोता मनात तेच विचारत असतो.

एवढा खटाटोप कशाला, विनोदच तर करायचाय, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं आम्हांला मान्य नाही. विचित्र बातमीवरचं हसू ‘हे खरंच घडलंय’ या जाणिवेवर उभं असतं. कल्पित गोष्टीत काहीही घडू शकतं, त्यामुळे तिथे घडलेल्याचं नवल नसतं. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओवर १९९८ पासून चालणाऱ्या ‘वेट वेट डोन्ट टेल मी’ या कार्यक्रमात तिघं जण तीन विचित्र बातम्या वाचतात, त्यांतली एकच खरी असते आणि ती श्रोत्यानं ओळखायची असते. खरीला किंमत आहे म्हणूनच तो खेळ रंगतो. अतिशयोक्ती जरूर करावी, विनोदी कलाकाराचं ते कामच आहे. पण तथ्य कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे ऐकताना कळलं पाहिजे. यावरचा साधा उपाय असा: तथ्यं फक्त बातमी आणणाऱ्यानं, हातातल्या कागदावरून वाचायची. बाकीच्यांनी कल्पनेत शिरताना ‘समजा’ किंवा ‘मला तर वाटतं’ म्हणून शिरायचं. आठवड्याभरात हे जिभेवर बसतं आणि गप्पांचा ओघ अडत नाही.

बातमीत माणूस मेलेला असतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न नेहमीचा आहे. १५ जानेवारी १९१९ रोजी बॉस्टनमध्ये मळीची एक प्रचंड टाकी फुटली आणि मळीची लाट रस्त्यांवरून धावली. ऐकताक्षणी हसू फुटतं. त्या लाटेत २१ माणसं मेली आणि दीडशेच्या आसपास जखमी झाली. हा आकडा चौकटीत नसला, तर कलाकार पाच मिनिटं खिदळतो आणि मग कुणीतरी मोबाइलवर आकडा शोधून काढतो. त्यानंतर टेबलावर जी शांतता पसरते ती कुठल्याही संकलनानं झाकता येत नाही. मृत्यूचा आकडा असेल तर तो पहिल्या दोन वाक्यांत सांगावा. मग विनोद कशावर, हे आपोआप नीट ठरतं. टाकी बांधणाऱ्यांच्या बेपर्वाईवर, मेलेल्यांवर नाही.

जिवंत माणसाबाबत तर जास्तच जपावं लागतं. स्पेनमधल्या बोर्हा गावात २०१२ साली ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी चर्चच्या भिंतीवरचं येशूचं विरलेलं चित्र स्वतः रंगवून दुरुस्त करायला घेतलं आणि ते पार बिघडलं. ते चित्र पाहून जगभर लोक हसले. त्या हसण्याचा त्यांना फार त्रास झाला. पुढे तेच चित्र पाहायला गावात पर्यटकांची रीघ लागली आणि त्यातून धर्मादाय कामाला पैसा मिळाला, हा उत्तरार्ध फार थोड्या ठिकाणी छापला गेला. हा भाग हाती असेल तर गोष्ट संपूर्ण वेगळी सांगता येते. बातमीतली व्यक्ती हे ऐकायला बसली असती तर निदान अर्ध्या विनोदांवर ती स्वतः हसली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर नाव वगळावं, आणि तरीही जमत नसेल तर बातमीच वगळावी.

आता मांडणीकडे वळतो, कारण चांगली बातमी वाया जाते ती इथे. वृत्तपत्राची रीत अशी की सगळ्यात महत्त्वाचं मथळ्यातच सांगून टाकायचं. विनोदाची रीत नेमकी उलटी, महत्त्वाचं सगळ्यात शेवटी. त्यामुळे बातमी जशीच्या तशी वाचली की पंच, म्हणजे हसवणारा शेवटचा फटका, पहिल्याच ओळीत फुटतो आणि बाकी कलाकारांना नुसतं ‘बाप रे’ म्हणण्यावाचून काम उरत नाही. मराठीत आणखी एक पेच आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं, आणि शेवटची जागा तर पंचाच्या शब्दाला हवी असते. हे वाक्य घ्या: ‘१९३२ साली ऑस्ट्रेलियात लष्करानं मशीनगन घेऊन एमू पक्ष्यांविरुद्ध मोहीम काढली.’ यातला हसवणारा शब्द ‘एमू’ (शहामृगासारखा मोठा, न उडणारा पक्षी) वाक्याच्या पोटात गडप झालाय, आणि शेवटी ‘मोहीम काढली’ ही कोरडी शेपटी लोंबतेय. श्रोता हसायला लागतो न लागतो तोच ती शेपटी त्याच्या हसण्यावर पडते.

तीच बातमी अशी सांगून बघा. ‘१९३२ साल. पश्चिम ऑस्ट्रेलिया. गव्हाचे शेतकरी, त्यांतले बरेचसे पहिल्या महायुद्धावरून परतलेले सैनिक. पिकं उद्ध्वस्त होताहेत. शेतकरी सरकारकडे जातात. सरकार लष्कर धाडतं. मेजर मेरेडिथ, सोबत दोन लुईस मशीनगन, दहा हजार काडतुसं. आणि शत्रू कोण? एमू.’ इथे थांबायचं. ‘एमू’नंतर एकही शब्द नको, ‘होते’ तर मुळीच नको. बोली मराठीत आपण सहज ‘कोण?’, ‘काय?’ असा प्रश्न स्वतःच विचारतो आणि एका शब्दात उत्तर देतो. क्रियापदाच्या पेचातून सुटण्याची ही आपल्या भाषेनंच दिलेली वाट आहे. हसू ओसरायला लागलं, पूर्ण ओसरलं नाही, की पुढचं तथ्य: ‘वीस हजार.’ मग एकेक कडी सोडत जायची. एका हल्ल्यात डझनभर पक्षी पडतात न पडतात तोच बंदूक अडकली. बंदूक ट्रकवर चढवली, तर ट्रकला पक्षी गाठता येईनात. अखेर मेरेडिथ यांचा हिशेब: ९,८६० गोळ्या, ९८६ एमू, म्हणजे पक्ष्यामागे बरोबर दहा. हा आकडा त्यांचा दावा म्हणूनच सांगायचा, आणि इतका नेमका भागाकार कसा काय जुळला, हा प्रश्न दुसऱ्या कलाकारासाठी मोकळा सोडायचा. प्रत्येक तथ्यानंतर दार उघडं राहायला हवं, कुणीतरी आत येईल म्हणून.

म्हणजे बातमी आणणाऱ्याच्या कागदावर सलग परिच्छेद नको. सहा ते आठ सुटी तथ्यं, प्रत्येक एका ओळीत, विनोदाच्या क्रमानं, आणि तळाशी तारीख-ठिकाण-उगम. तथ्यांचं एकूण वाचन दीड मिनिटाच्या वर जाऊ नये. बाकीच्यांना बातमी आधी सांगू नये. पहिल्यांदा ऐकल्याचं आश्चर्य अभिनयानं आणलं की ते ओळखू येतं. टेबलावर तिघं हा आमच्या मते सर्वात चांगला आकडा. एक सांगतो, एक उचलून धरतो, एक शंका घेतो. चौथा आला की दोन संभाषणं एकदम सुरू होतात आणि दोन्ही वाया जातात. सांगणाऱ्यानं आधी हसू नये. तो हसला की श्रोत्याला ‘इथे हसायचंय’ अशी सूचना मिळते आणि नवल संपतं.

रोजच्या जगण्यावरच्या गप्पा सोप्या वाटतात आणि त्याच सगळ्यात जास्त फसतात, कारण त्या ‘लोक किती अधीर असतात ना’ अशा सर्वसाधारण वाक्यापाशीच थांबतात. खाली उतरायला हवं. लिफ्टचं बटण आधीच पेटलेलं असतं, शेजारी माणूस उभा असतो, आणि नवा आलेला तेच बटण पुन्हा दाबतो. ही झाली कृती. तिच्यामागची समजूत कोणती? याच्या दाबण्यात काही दम नाही, मीच दाबलं पाहिजे. आता ती समजूत उचलून भलत्याच ठिकाणी न्यायची: हा माणूस दंतवैद्याकडे गेला तर दाढ काढून झाल्यावर म्हणेल, एकदा परत काढा. कृती, समजूत, भलती जागा. या तीन पायऱ्या चढल्या की साध्या निरीक्षणातून पाच मिनिटांचा ऐवज निघतो.

सिनेमा-मालिकांबद्दल थोडक्यात. ज्यानं ते पाहिलेलं नाही त्याच्यासाठी दोन वाक्यांची ओळख आधी द्यावी, शेवट फोडायचा असेल तर किती मिनिटं पुढे ढकलायची तेही सांगावं. तीस सेकंदांपर्यंत गाणं वाजवलं तर चालतं ही समजूत सर्रास दिसते. असा सरसकट नियम कायद्यात नाही. प्रसंग वाजवण्यापेक्षा करून दाखवावा, हसू त्यातच जास्त आहे. आणि बोलता बोलता वर्ष उच्चारावं, कारण हा भाग कुणीतरी चार वर्षांनी ऐकणार असतो.

ध्वनिमुद्रणातल्या चुका वेगळ्या लिहायला हव्यात, कारण विनोद मरण्याचं कारण कित्येकदा तांत्रिक असतं. समोरासमोरच्या संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. दहा भाषांवरचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही याच्या आसपासचेच आकडे आले. इंटरनेटवरून बोलताना एका दिशेला १५० मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी जाऊन-येऊन ३०० होतात, म्हणजे नैसर्गिक अंतराहून जास्त. मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे हसू उशिरा पोचतं. कलाकाराला वाटतं, विनोद पडला, आणि तो घाईनं पुढच्या वाक्यावर उडी मारतो, नेमकं आलेलं हसू चिरडून. शक्यतो एकाच खोलीत बसावं. ते जमत नसेल तर वायरनं जोडलेलं इंटरनेट वापरावं, प्रत्येकानं हेडफोन लावून आपापल्या यंत्रावर स्वतःचा आवाज मुद्रित करावा, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवावी. दोन टाळ्या यासाठी की दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभरात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज सरकतो, आणि विनोदात तेवढं अंतर कानाला खुपतं. दुसरी टाळी जुळवली की ते दुरुस्त करता येतं.

माइक डायनॅमिक (आसपासचे आवाज कमी टिपणारा प्रकार), एका दिशेनं ऐकणारा. तोंडापासून एका मुठीच्या अंतरावर आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट आत जात नाही. लेव्हल (मुद्रणातली आवाजाची पातळी) बोलण्यावर लावू नये, हसण्यावर लावावी. माणूस बोलतो त्याच्या कितीतरी वर हसतो, आणि हसताना आधी मागे रेलून मग माइकवर झेपावतो. बोलण्याची टोकं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान (शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा) ठेवली की हसण्याला जागा राहते. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर मुद्रण केलं तर लेव्हल कमी राहिल्यानं काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. या दर्जाचा एका माइकचा तासभराचा ट्रॅक सुमारे ५२० एमबीचा होतो. तिघांचे दोन तास म्हणजे तीन जीबीच्या वर, तेवढी जागा कार्डावर आहे का ते आधी बघावं. दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या निदान तिप्पट हवं. नाहीतर एकाचं हसू दुसऱ्याच्या माइकमधून किंचित उशिरा येतं आणि दोन्ही मिसळून आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो.

संकलनात नॉइज गेट नावाचं हत्यार बेतानं वापरावं. ते ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतं, आणि हसण्याची शेपटी, हसू दाबताना घेतलेला श्वास, कुणीतरी टेबलावर आपटलेला हात, असं सगळं जिवंत त्याच पातळीखाली असतं. गप्प असलेल्यांचे ट्रॅक बंद करण्याऐवजी दहा-बारा डेसिबलनं उतरवावेत. दीड तासाच्या मुद्रणातून तासाचा भाग काढताना एकाच विनोदाचं दुसऱ्यांदा केलेलं स्पष्टीकरण कापावं, ‘हो ना, हो ना’ कापावं. पंचाआधीचा थांबा मात्र तसाच ठेवावा. आणि एक चूक, जी अनुभवी संकलकांकडूनही होते: विसाव्या मिनिटाला आलेला एखादा शब्द पन्नासाव्या मिनिटाला परत येतो आणि सगळे लोटपोट होतात, पण विसाव्या मिनिटाचा भाग कापला गेलेला असतो. श्रोत्याला कळतच नाही, हे का हसले. म्हणून मुद्रण चालू असतानाच एकानं प्रत्येक कॉलबॅकची, म्हणजे अशा परत येणाऱ्या विनोदाची, पहिली आणि दुसरी वेळ कागदावर टिपावी. दुसरीकडचं हसू आणून रिकाम्या जागी डकवणं आम्ही चूक मानतो. उशिरा पोचलेलं हसू त्याच्या जागी सरकवणं ही दुरुस्ती आहे, नसलेलं आणणं ही फसवणूक. अंतिम लेव्हल स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक), मोनोला उणे १९, टोक उणे एक डेसिबलच्या आत. श्रोत्याला दर भागाला आवाजाचं बटण शोधावं लागत नाही.

इतकं सगळं सांभाळूनही चूक होते, आणि बहुतेकदा ती पहिल्याच पायरीवर झालेली असते, म्हणजे बातमीत. चूक कळली की पुढच्या भागाच्या पहिल्या दोन मिनिटांत ती स्पष्ट सांगावी, आणि जुन्या भागाच्या वर्णनातही लिहावी, कारण जुना भाग ऐकला जातच राहतो. विनोदी कार्यक्रमाला दुरुस्ती शोभत नाही ही भीती खोटी आहे. श्रोते दुरुस्तीची वाट पाहतात.

संपादक महोदय, म्हणून ही विनंती. फार जागा लागत नाही. ‘फ्लॉरेन्स, ऑरेगन (अमेरिका), १२ नोव्हेंबर १९७०, स्थानिक दूरचित्रवाणीचं वार्तांकन’ ही एक ओळ झाली. घटना जुनी असेल आणि आज पुन्हा चर्चेत आली असेल तर दोन्ही तारखा द्या. मूळ बातमीत ‘दावा’ असेल तर भाषांतरात तो शब्द राहू द्या. माणसं मेली असतील तर आकडा द्या. परदेशी गावाचं नाव उच्चाराप्रमाणे आणि देशासकट लिहा, म्हणजे उगम शोधता येतो. चौकटीची दुरुस्ती छापायची वेळ आली तर ती चौकटीच्याच जागी छापा, कारण ती वाचणारे तिथेच बघतात. आणि जागा अगदीच अपुरी पडत असेल, तर मथळ्यातले ‘अजब’ आणि ‘धक्कादायक’ हे दोन शब्द काढा. तेवढ्या जागेत तारीख बसते.

कळावे.

आपले,
विनोदी गप्पांच्या कार्यक्रमांसाठी संशोधन, ध्वनिमुद्रण आणि संकलन करणारे